भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरचं लॉक: फॉरमॅट मारूनही परत येतं तेव्हा काय तपासायचं

कार्यालयांनी आणि शाळांनी काढून टाकलेले लॅपटॉप, डेस्कटॉप दुरुस्त करून ते पुन्हा कुणाच्या तरी हाती चालते करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कीबोर्ड गेलेला, बिजागर तुटलेलं, बॅटरी फुगलेली, असे दोष आलटून पालटून भेटतात. पण एक दोष असा आहे की तो नसलेला लॉट मला आठवत नाही. यंत्र ठणठणीत असतं, डिस्क पुसलेली असते, आणि तरीही ते आधीच्या मालकाचं नाव घेऊन अडून बसतं. अशी यंत्रं फोडायला जातात तेव्हा जीव तुटतो. २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांवर रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. त्यात चालू यंत्रांची भर पडायला नको. म्हणून माझा तपासणीचा क्रम इथे लिहून ठेवते.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- मॅक पुसून सुरू केला की तो आधीच्या मालकाचं ॲपल अकाउंट मागतो. पडद्यावर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ असे शब्द असतात.
- मॅकचा सेटअप वायफायपर्यंत नीट चालतो, मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ असं शीर्षक आणि त्याखाली एखाद्या संस्थेचं नाव येतं.
- नवं विंडोज टाकलं, नेट जोडलं, की स्वागताच्या पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि कंपनीचाच ईमेल मागितला जातो.
- क्रोमबुक पॉवरवॉश (पूर्ण रीसेट) केलं तरी पुन्हा संस्थेत नोंदणी करायच्या पडद्यावरच जातं, किंवा ‘हे यंत्र बंद केलं आहे, परत करा’ असा मजकूर दाखवतं.
- बटण दाबताच, विंडोज सुरू व्हायच्या आधीच, पासवर्डची चौकट किंवा कुलपाचं चित्र येतं.
- बायोस (विंडोजच्या आधी चालणारं, यंत्राच्या मूळ सेटिंगचं पान) उघडतो, पण त्यातले पर्याय करडे पडलेले असतात. पेन ड्राइव्हवरून बूट करता येत नाही.
- निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.
- ‘ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही’ किंवा ‘झाकण उघडलं गेलं होतं’ अशी सूचना येते.

वरवर पाहता सगळ्यांचं दुखणं एकच वाटतं. प्रत्यक्षात यात तीन जाती आहेत. काही लॉक नसतातच, लॉकसारखी दिसतात. काही फक्त डेटाची असतात, म्हणजे डेटा गेला की तीही जातात. आणि काही यंत्राचीच असतात. ती मशीनच्या पोटात किंवा बनवणाऱ्याच्या सर्व्हरवर बसलेली असतात, त्यामुळे डिस्क बदला, जाळा, काहीही करा, त्यांना फरक पडत नाही. पुढचा क्रम याच तीन जाती एकमेकींपासून वेगळ्या काढायचा आहे, आणि तो पाळला तर निम्म्याहून जास्त वेळा स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावाच लागत नाही.

आधी नेट आणि घड्याळ

यंत्र पहिल्यांदा सुरू होताना बनवणाऱ्याच्या सर्व्हरला विचारतं, मी कुणाचं? उत्तर आलं नाही तर ते थांबतं, आणि आपल्याला वाटतं लॉक आहे. ज्या वायफायवर आधी ब्राउझरमध्ये नाव-नंबर भरावा लागतो तिथे हे हमखास होतं, कारण सेटअप चालू असताना तो भरायचा पडदा धडपणे उघडत नाही. कार्यालयांची फायरवॉलही हेच करते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग घड्याळ. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या यंत्राचा बोर्डावरचा सेल मेलेला असतो आणि तारीख दहा-पंधरा वर्षं मागे गेलेली असते. सर्व्हरशी होणारा सुरक्षित संपर्क प्रमाणपत्रांवर चालतो आणि त्या प्रमाणपत्रांना ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. यंत्राच्या हिशोबाने आजचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ते संपर्क नाकारतं. एक लॅपटॉप मी ‘लॉक्ड’ अशी चिठ्ठी लावून दोन आठवडे बाजूला ठेवला होता. शेवटी बायोस उघडला तर तारीख १ जानेवारी २०१५. सेल काढून मीटर लावला तर १.९ व्होल्ट. नवा सीआर२०३२ सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. सेल बदलला, तारीख घातली आणि सेटअप सरळ पार पडला. त्या दिवसापासून कुठल्याही यंत्रावर ‘लॉक्ड’ लिहायच्या आधी मी बायोसमधली तारीख बघते. मॅकमध्ये हीच दुरुस्ती रिकव्हरीतून करता येते.

याच्या उलट चूकही होते आणि ती जास्त महागात पडते. काही जण वेळ वाचवायला नेट न जोडताच सेटअप पूर्ण करतात, यंत्र चालू होतं आणि ‘स्वच्छ’ म्हणून पुढे जातं. घेणारा महिनाभराने ते रीसेट करतो, आणि तेव्हा कंपनीचं नाव उगवतं. यंत्र स्वच्छ आहे की नाही हे नेट जोडून, पूर्ण पुसून, पहिल्यापासून सेटअप केल्याशिवाय कळत नाही. मी प्रत्येक यंत्रावर हे करतेच.

झाकणाचा इशारा

कार्यालयीन डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये झाकणाला लागून एक छोटा स्विच असतो. झाकण उघडलं की तो नोंद करतो आणि पुढच्या वेळी इशारा येतो. चोरीविरोधी सोय म्हणूनच ती दिली आहे, पण ती कुणाला अडवत नाही, फक्त सांगते. झाकण नीट बसवा, बायोसच्या सुरक्षा विभागात जाऊन इशारा पुसा. इशारा परत येत असेल तर स्विचची वायर सुटली आहे किंवा झाकणाची पट्टी वाकली आहे. एवढ्या कारणावरून डेस्कटॉप भंगारात आलेले मी पाहिले आहेत.

बिटलॉकरचा निळा पडदा

४८ अंकी की मागणारा पडदा भीतीदायक दिसतो, पण तो डेटाचं लॉक आहे. बिटलॉकर ही विंडोजची सोय डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवते. बोर्ड बदलला, बायोस अपडेट झाला, टीपीएमची (किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपची) सेटिंग हलली की तो येतो. इथे एकच प्रश्न विचारायचा: आत काय आहे ते कुणाला हवं आहे का?

मालकाला फाइली हव्या असतील तर काहीही बदलू नका. पडद्यावर की-आयडी असतो, त्याची पहिली आठ अक्षरं मालकाला कळवा. त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये किंवा संस्थेच्या नोंदीत त्याच आयडीसमोर की सापडते. डेटा नको असेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून सगळी पार्टिशन्स उडवा आणि नव्याने टाका. प्रश्न मिटला. विंडोजचा लॉगिन पासवर्डही याच जातीचा. यापुढची कुठलीही लॉक अशी फॉरमॅटने जात नाहीत.

पडदा नीट वाचा, मग यंत्र उलटं करा

इथपर्यंत सुटलं नाही तर लॉक खरं आहे. आता ते कुणाचं आणि कुठल्या प्रकारचं हे ठरवायचं. पडद्याचा फोटो काढा. त्यावर संस्थेचं नाव असतं, कधी कधी फोन नंबरही. यंत्राच्या तळाशी सिरीयल नंबर असतो, आणि बहुतेक वेळा मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर असतो. स्टिकर ओरबाडलेला असला तरी बायोसच्या माहितीच्या पानावर ‘ॲसेट टॅग’ नावाची ओळ असते. ती डिस्कवर नसून बोर्डावर लिहिलेली असते, म्हणून पुसण्यातून वाचते. मालकाचा पत्ता मला कित्येकदा तिथेच मिळाला आहे.

मॅकबाबत आधी साल बघा. मॅकमधलं ॲक्टिव्हेशन लॉक २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून आलं आणि ते फक्त टी२ ही ॲपलची सुरक्षा चिप असलेल्या किंवा ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेतल्या यंत्रांवर चालतं. मॅकबुकमध्ये टी२ २०१८ पासून आहे. म्हणजे २०१७ चं मॅकबुक बूट होतानाच कुलूप दाखवत असेल तर ते ॲक्टिव्हेशन लॉक नसून फर्मवेअर (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्ड आहे आणि त्याचा मार्ग वेगळा आहे. मॅक अजून चालू अवस्थेत हाती आला असेल तर पुसायच्या आधीच ‘सिस्टिम रिपोर्ट’मध्ये ‘हार्डवेअर’ खाली पाहा. तिथे ‘ॲक्टिव्हेशन लॉक स्टेटस’ स्पष्ट लिहिलेलं असतं. देणारा समोर उभा असताना ही ओळ वाचली तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

मालकाला लिहा

ही पायरी बिनखर्चाची आहे, पण लोक ती सगळ्यात शेवटी करतात. मला वाटतं संकोच आडवा येतो. ज्यांनी यंत्र दिलं त्यांनाच पुन्हा त्रास कसा द्यायचा? पण लॉकची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नसते, आणि मालकाला बहुधा ते ठाऊकच नसतं.

हा घोळ होतो कसा ते सांगते. संस्था यंत्र काढून टाकते तेव्हा तिला काळजी असते डेटाची. ती डिस्क पुसून घेते, त्याचं प्रमाणपत्र फाइलला लावते आणि सुटकेचा श्वास टाकते. डेटा पुसण्यासाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिकासुद्धा डेटा साठवणाऱ्या माध्यमांपुरती आहे. यंत्र कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे हा तिचा विषय नाही. ती नोंद ॲपलच्या, मायक्रोसॉफ्टच्या किंवा गूगलच्या सर्व्हरवर तशीच राहते. मॅकची नोंद सिरीयल नंबरवर असते. विंडोजच्या ऑटोपायलटमध्ये (सेटअपच्या वेळीच यंत्र संस्थेच्या नावावर लावणाऱ्या सोयीत) बोर्डासकट यंत्राच्या भागांवरून काढलेला एक लांबलचक हार्डवेअर हॅश, म्हणजे यंत्राची ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर, असतो. म्हणून नवी डिस्क टाकली तरी यंत्र ‘मी त्यांचंच’ असं म्हणतं.

मला एकदा एका कार्यालयाकडून चौदा लॅपटॉप मिळाले. पुसल्याची चौदा प्रमाणपत्रं सोबत होती. चौदाही यंत्रांवर त्यांचंच नाव आलं. मी फोन केले तर उत्तर यायचं, ‘आमच्याकडून सगळं क्लिअर आहे.’ त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं, कारण ‘क्लिअर’ म्हणजे डेटा. तिसऱ्या वेळी मी ईमेलमध्ये सिरीयल नंबरांची यादी, एका पडद्याचा फोटो आणि नेमकं कुठल्या ठिकाणाहून काय काढायचं ते लिहिलं. त्याच दुपारी सगळी मोकळी झाली. तेव्हापासून पहिलाच मजकूर मी असा पाठवते:

‘नमस्कार. तुमच्या संस्थेने दिलेल्या लॉटमधलं हे यंत्र आमच्याकडे आहे. मॉडेल, सिरीयल नंबर आणि मालमत्ता क्रमांक खाली दिले आहेत. डिस्क पुसलेली आहे, तुमचा कोणताही डेटा आमच्याकडे नाही. परंतु सेटअप करताना तुमच्या संस्थेचं नाव येतं, म्हणजे यंत्राची नोंदणी अजून तुमच्याकडे आहे. कृपया आयटी विभागाकडून ती कायमची रद्द करून घ्यावी. पासवर्ड पाठवू नये, त्याची गरज नाही. पडद्याचा फोटो आणि हस्तांतराच्या पावतीची प्रत जोडली आहे. हे यंत्र तुमच्या नोंदीत हरवलेलं किंवा चोरीला गेलेलं असेल तर तसं कळवावं, आम्ही ते परत करू.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने समोरच्याचा विश्वास बसतो, आणि उत्तर खरोखर तसं आलं तर आपणही वेळेवर बाजूला होतो. पासवर्ड नको म्हणण्यामागेही कारण आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वापरून लॉक उघडलं तरी नोंद तिथेच राहते आणि पुढच्या रीसेटला सगळं पुन्हा सुरू होतं.

आता कुठून काय काढायचं. मालक एकटी व्यक्ती असेल आणि मॅक असेल तर ती आयक्लाउडच्या ‘फाइंड डिव्हाइसेस’ पानावर जाऊन यंत्र निवडते आणि ‘रिमूव्ह फ्रॉम अकाउंट’ करते. यंत्र तिच्यासमोर असायची गरज नाही, जगाच्या दुसऱ्या टोकावरूनही होतं. तिलाच अकाउंट आठवत नसेल तर मूळ खरेदीच्या बिलासह तिने ॲपलकडे अर्ज करावा. बिलावर सिरीयल नंबर असला तर काम सोपं होतं. हा अर्ज मालकाने करायचा असतो. आपल्याकडची देणगीची पावती तिथे पुरत नाही.

संस्थेचा मॅक असेल तर दोन वेगळ्या नोंदी असतात आणि गोंधळ इथेच होतो. यंत्र सांभाळायच्या एमडीएम सॉफ्टवेअरमधून काढलं म्हणजे झालं असं आयटीवाल्यांनाही वाटतं. पण ॲपलकडची संस्थेची नोंदवही, म्हणजे ॲपल बिझनेस मॅनेजर किंवा ॲपल स्कूल मॅनेजर, यामधून ते ‘रिलीज’ केलं नाही तर ‘रिमोट मॅनेजमेंट’ परत येतंच. विंडोजमध्ये हुबेहूब तेच: इन्ट्यून या मायक्रोसॉफ्टच्या एमडीएममधून यंत्र काढलं तरी ऑटोपायलट उपकरणांच्या यादीतली नोंद वेगळी असते, तीही काढावी लागते. क्रोमबुकसाठी गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये ‘डीप्रोव्हिजन’ करायचं असतं. ‘डिसेबल’ केलं तर उलट यंत्र आणखी घट्ट बंद होतं, आणि हे दोन शब्द मी स्वतः अदलाबदल झालेले पाहिले आहेत. मोकळं झाल्याचा निरोप आला की यंत्र पुन्हा पूर्ण पुसा, नेट जोडा आणि पहिल्यापासून सेटअप करा. जुन्या सेटअपवर पुढे जाऊ नका.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलच्या बहुतेक यंत्रांत आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रं ढिगाने बाहेर पडताहेत आणि त्यांवर लिनक्स छान चालतं. ऑटोपायलटची नोंद विंडोजच्या सेटअपपुरती असल्याने लिनक्स टाकलं की कंपनीचं नाव दिसत नाही. म्हणून नोंद काढायची गरज नाही असं नाही. ज्याच्या हाती ते यंत्र जाईल तो कधीतरी विंडोज टाकेल आणि त्याला वाटेल आपल्याला चोरीचा माल दिला. हस्तांतराचे कागद हाती असले तरी नोंद काढून घ्या.

बायोस पासवर्ड

सुरू होतानाच पासवर्ड मागणारं यंत्र हा वेगळा रस्ता आहे. इथे सर्व्हर नसतो, लॉक बोर्डावरच्या चिपमध्ये असतं. आधी मालकाला विचारा. एका खात्यातल्या सगळ्या यंत्रांना बहुधा एकच पासवर्ड असतो आणि तो आयटीच्या वहीत असतो. मिळाला तर बायोसमध्ये जाऊन तो रिकामा करा, फक्त टाकून पुढे जाऊ नका. अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका, काही यंत्रं तीन चुकांनंतर थांबतात.

मालकाला आठवत नसेल आणि यंत्र आपल्याला रीतसर मिळाल्याचा कागद असेल तर डेस्कटॉपवर मार्ग आहे. बऱ्याच कार्यालयीन डेस्कटॉपच्या बोर्डावर पासवर्डसाठी वेगळा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. बनवणाऱ्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची जागा आणि क्रम दिलेला असतो. वीज पूर्ण काढून, मॅन्युअल समोर ठेवूनच करा. फार जुन्या डेस्कटॉपवर नुसता सेल काढून थोडा वेळ ठेवला तरी पासवर्ड जातो.

लॅपटॉपवर हा सेलचा उपाय करू नका, असं मी कळकळीने सांगते. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये पासवर्ड वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. सेल काढून फक्त तारीख जाते, आणि तो काढताना तळाच्या नाजूक क्लिपा तुटतात. इथे बनवणाऱ्याकडेच जावं लागतं. डेलकडे सर्व्हिस टॅग आणि मालकीचा पुरावा देऊन मदत मागता येते. लेनोवोच्या थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनीच्या मते बोर्ड बदलणं हाच उपाय आहे. २०१७ च्या त्या मॅकबुकचा फर्मवेअर पासवर्ड मूळ बिल घेऊन ॲपलच्या सेवा केंद्रात काढून मिळतो. हार्ड डिस्कचा स्वतःचा पासवर्ड असेल तर डिस्क बदला आणि पुढे चला. काही स्वतः एन्क्रिप्ट होणाऱ्या डिस्कच्या लेबलवर ‘पीएसआयडी’ नावाची ३२ अक्षरं छापलेली असतात. ओपल या डिस्कमधल्याच एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं लॉक असेल तर ती वापरून डिस्क मूळ अवस्थेत आणता येते. आतला डेटा मात्र कायमचा जातो.

नेटवर ‘मास्टर पासवर्ड’ देणारी पानं आणि अनलॉकची सॉफ्टवेअरं सापडतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्या यंत्रावर उद्या एखादं मूल अभ्यास करणार आहे त्यात आपण काय घुसवतो आहोत हे आपल्याला कळत नाही.

न दिसणारं लॉक: ॲब्सोल्यूट

बायोस उघडता येत असेल तर सुरक्षा विभागात ‘ॲब्सोल्यूट’ किंवा जुन्या यंत्रांत ‘कॉम्प्युट्रेस’ अशी ओळ शोधा. अनेक कंपन्यांच्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये हे चोरीविरोधी मॉड्यूल कारखान्यातूनच बसवलेलं असतं, पण मुळात झोपलेलं असतं. संस्थेने सेवा घेतली की जागं होतं, आणि मग डिस्क बदलली तरी विंडोजमध्ये आपला एजंट (छोटा प्रोग्राम) पुन्हा उभा करतं. मालक दुरून यंत्र गोठवूही शकतो. म्हणजे आज व्यवस्थित चालणारं यंत्र घेणाऱ्याच्या हातात गेल्यावर बंद पडू शकतं. म्हणून ही ओळ मी प्रत्येक यंत्रावर वाचते, तक्रार असो वा नसो. स्थिती ‘ॲक्टिव्हेटेड’ असेल तर मालकाने ॲब्सोल्यूटच्या आपल्या खात्यातून यंत्र वगळायला हवं. वरच्या मजकुरात एक ओळ वाढवायची.

मॅक काहीच दाखवत नसेल

टी२ किंवा एम मालिकेतल्या मॅकवर उद्गारचिन्ह येत असेल किंवा पडदा काळाच राहत असेल तर लॉकआधी फर्मवेअरवर संशय घ्या. अर्धवट पुसल्याने किंवा अपडेट चालू असताना वीज गेल्याने ते बिघडतं. दुसरा मॅक, डेटा वाहणारी यूएसबी-सी केबल आणि ‘ॲपल कॉन्फिग्युरेटर’ हे ॲप घेतलं की काम होतं. आधी ‘रिव्हाइव्ह’ करा, त्याने डेटा जात नाही. तेवढ्याने नाही झालं तर ‘रिस्टोअर’. यातल्या कशानेही ॲक्टिव्हेशन लॉक जात नाही, आणि जाईल अशा आशेने कुणी तासन्‌तास घालवू नयेत. मात्र मेलेला वाटणारा मॅक उठून निदान खरा पडदा दाखवतो.

थांबायचं कुठे

मालकाने यंत्र चोरीला गेल्याचं सांगितलं, किंवा पडद्यावरच हरवल्याचा संदेश असेल, तर त्याच क्षणी दुरुस्ती थांबवा. पुसू नका, भाग काढू नका. मालकाकडे किंवा पोलिसांकडे द्या आणि कुणाकडून आलं त्याचे कागद सोबत ठेवा. ज्यासाठी हे लॉक बनवलं ते काम त्याने केलेलं आहे.

बोर्डावरची चिप उपसून तिचा मजकूर बदलायची वेळ आली असेल तर तुम्ही थांबा. हे सूक्ष्म सोल्डरिंगचं काम आहे, एका चुकीने चांगला बोर्ड जातो, आणि मालकीच्या पुराव्याशिवाय ते कुणीही करू नये. बनवणाऱ्याच्या अधिकृत सेवा केंद्रात पुरावा घेऊन जा. आतून बॅटरी फुगलेली दिसली तर तळ उघडायचा प्रयत्नही न करता जाणकाराकडे द्या. मालकाला डेटा परत हवा असेल तर पहिल्याच दिवशी डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा, आपले प्रयोग करून नंतर नको.

संस्थाच बंद पडली असेल तर लगेच हार मानू नका. तिची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे तो लिक्विडेटर आणि मुळात यंत्रं पुरवणारा विक्रेता, दोघांना लिहा. कित्येकदा नोंदणी विक्रेत्यानेच करून दिलेली असते.

दोन-तीन आठवड्यांत कुठूनच उत्तर आलं नाही तर यंत्र सुटण्याचा नाद सोडावा लागतो. ते रीतसर आपल्याला मिळालेलं असेल तर त्याचे भाग कामी येतात: रॅम, एम.२ एसएसडी, पडदा, पंखा, चार्जर. बोर्ड मात्र दुसऱ्या यंत्रात घालू नका, ऑटोपायलट आणि ॲब्सोल्यूट बोर्डासोबत चालत जातात आणि एका लॉकची दोन होतात. जुन्या बोर्डांचा लॉट विकत घेतानाही हे लक्षात असू द्या. नव्या मॅकमधून फार काही हाती लागत नाही. साठवण मूळ चिपशी एन्क्रिप्शनने बांधलेली असते, आणि टच आयडीचं बटण दुसऱ्या मॅकवर लावलं तर बोटाचा ठसा चालत नाही. उरलेलं अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

लॉट उचलताना

आता मी यंत्रांची यादी आधी मागवते आणि त्यात पाच रकाने ठेवते: सिरीयल नंबर, मालमत्ता क्रमांक, डेटा पुसल्याची तारीख, बायोस पासवर्ड काढला का, आणि नोंदणी रद्द केल्याची तारीख व सही. सोबत हॉटस्पॉट आणि दोन चार्जर घेऊन जाते. लॉटमधली तीन-चार यंत्रं तिथेच सुरू करून वायफायच्या पुढच्या पडद्यापर्यंत नेते. नाव आलं तर आयटीचा माणूस त्याच इमारतीत असतो, खुर्चीवरून उठून यायला त्याला पाच मिनिटं लागतात. शेवटचा रकाना रिकामा असलेलं यंत्र मी गाडीत चढवत नाही.